कुंडल: इंग्रजांच्या राज्यात स्वतःचं सरकार चालवणाऱ्या गावची माणसं

रावेत: आपल्या रावेत, पुनावळे, वाल्हेकरवाडी भागात सांगली-साताऱ्याकडची कुटुंबं बरीच. कुणी चाकणच्या कंपनीत कामाला, कुणी भोसरीत वर्कशॉप टाकलेलं, कुणी आकुर्डीजवळ दुकान. दिवाळीला, जत्रेला ही मंडळी पुणे-मिरज गाडीनं गावी जातात. कराड सोडल्यावर शेणोली लागतं, पुढं किर्लोस्करवाडी येतं. याच किर्लोस्करवाडीच्या शेजारी कुंडल आहे. गाडीतल्या बहुतेकांना कुंडल म्हटलं की साखर कारखाना आठवतो. पण दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, १९४३ ते १९४६ या काळात, हे गाव एका सरकारचं मुख्य ठाणं होतं. ते सरकार इंग्रजांचं नव्हतं. लोकांचं होतं. इतिहासात त्याला साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतात, आणि जुनी माणसं म्हणतात पत्री सरकार.

कुंडल आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येतं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, सगळा सातारा जिल्हाच. म्हणून नाव साताऱ्याचं. या गावानं आणि आजूबाजूच्या पंचक्रोशीनं कोणती माणसं दिली, त्यांनी नेमकं केलं काय, आणि हे सगळं कुंडललाच का जमलं, ते आज सविस्तर पाहू.

आधी गाव समजून घेऊ

कुंडल जुनं गाव आहे. डोंगरावरची पार्श्वनाथांची मंदिरं जैन समाजाचं तीर्थक्षेत्र, त्यामुळं यात्रेकरू पूर्वीपासून येत आले. पण प्रतिसरकारच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कुंडल इंग्रजांच्या थेट ताब्यात नव्हतं. ते औंध संस्थानात होतं.

औंध म्हणजे छोटं संस्थान. सगळी मिळून ७२ गावं, तीही एका जागी नाहीत. काही सातारा जिल्ह्यात विखुरलेली, काही थेट विजापूरकडं. नकाशावर पाहिलं तर इंग्रजी मुलखात मधेमधे संस्थानाचे तुकडे पेरल्यासारखे दिसायचे. राजे होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, स्वतः चित्रकार. या राजानं १९३९ साली स्वतःचे अधिकार सोडून कारभार प्रजेच्या हाती दिला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खटपट केली आणि महात्मा गांधींच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली. गावानं पंच निवडायचे, गावची भांडणं गावातच मिटवायची, त्यावर तालुक्याची समिती, त्यावर विधिमंडळ, अशी ती रचना.

याचे दोन परिणाम झाले. पहिला सरळ आहे. इंग्रज पोलिसांना संस्थानच्या हद्दीत शिरायचं तर मामला नाजूक व्हायचा, आणि औंधच्या कारभाऱ्यांची सहानुभूती भूमिगतांकडं होती. इंग्रजी गावात धाड पडली की माणूस शिवार ओलांडून संस्थानात यायचा. दुसरा परिणाम जरा खोलातला आहे. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं सुरू झाली तेव्हा कुंडलच्या लोकांना पंचायतीत बसून निवाडा करणं नवं नव्हतं. चार वर्षं ते हेच करत होते. राजानं दिलेली पंचायत आणि क्रांतिकारकांनी उभी केलेली पंचायत, दोन्हींची बैठक एकाच पारावरची. हा निव्वळ योगायोग होता असं म्हणवत नाही.

शेजारचा कारखाना आणि माळावरची वाडी

कुंडलची गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांशिवाय पुरी होत नाही. पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना तर हे नाव घरचंच. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. माळरान, निवडुंग, साप आणि पाण्याची बोंब. १९१० साली तिथं लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला, वसाहत वसली, आणि पुढं स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं शंकरराव किर्लोस्करांनी याच माळावरून काढली. घराघरांत जाणारी ही मासिकं एका खेड्याशेजारच्या वाडीतून निघत होती, हे आज सांगितलं तर पोरांना पटत नाही.

कारखाना आला म्हणजे शाळा आली, वर्तमानपत्र आलं, बाहेरगावचे शिकलेले लोक आले. कुंडलच्या शेतकऱ्याच्या पोराला राजकारणाच्या चर्चा कानावर पडू लागल्या. या वाडीनं चळवळीला माणूसही दिला. किर्लोस्कर कारखान्यातले अभियंते उमाशंकर पंड्या. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पंड्या गेले. मूळचा परमुलखातला माणूस, चांगल्या नोकरीवरचा. त्याला गप्प बसायला कुणी अडवलं नव्हतं.

मोर्चे संपले आणि भूमिगत काम सुरू झालं

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि मोठे पुढारी एका रात्रीत तुरुंगात गेले. सातारा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी मग तालुका कचेऱ्यांवर मोर्चे काढले. ३ सप्टेंबरला तासगावला हजारोंचा मोर्चा गेला, कचेरीवर तिरंगा लागला आणि मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली. रक्त सांडलं नाही. या तासगावच्या लढ्यातलं एक ठळक नाव म्हणजे विसापूरचे वि. स. पागे. पुढं हेच पागे विधान परिषदेचे सभापती झाले आणि त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली.

पण सगळीकडं तासगाव झालं नाही. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर. या दोन दिवसांनी जिल्ह्यातल्या तरुणांचा विचार बदलला. बंदुकीपुढं उघड्या छातीनं किती मोर्चे न्यायचे? मग ठरलं की कचेरीवर चालून जायचं नाही, कचेरीच निरुपयोगी करून टाकायची. लोकांनी सरकारकडं जायचंच बंद केलं तर सरकार कुणावर राज्य करणार?

ही कल्पना १९४३ मध्ये प्रत्यक्षात आली. किसन वीर येरवड्याच्या तुरुंगातून निसटून पुन्हा जिल्ह्यात आले होते. ठिकठिकाणचे गट एकत्र बांधले गेले. त्यात कुंडलचा गट सगळ्यांत बळकट गटांपैकी एक.

क्रांतिसिंह नाना पाटील: चळवळीचा चेहरा

नाना पाटलांचा जन्म १९०० सालचा, गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. म्हणजे ते कुंडलचे नव्हेत. पण कुंडलचं नाव घेतलं की त्यांचं नाव येतंच, कारण हे गाव त्यांच्या सरकारचा बालेकिल्ला होता. तलाठ्याची नोकरी त्यांनी १९३० च्या चळवळीत सोडली. त्याआधी सत्यशोधक चळवळीचे संस्कार झालेले. त्यामुळं त्यांच्या भाषणात इंग्रज एकटा नसायचा. सावकार असायचा, कर्ज काढून लग्न करणारा बाप असायचा, दारूत बुडालेला नवरा असायचा. धिप्पाड देह, खडा आवाज आणि शेतकऱ्याची बोली. माणसं मैलोन्‌मैल चालत ऐकायला यायची.

सरकारनं त्यांच्यावर बक्षीस लावलं, घरदार जमीन जप्त केली. आई वारली तेव्हाही ते भूमिगत होते, अंत्यसंस्काराला लपूनच यावं लागलं. चार वर्षांत ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. वेशांतर आणि हुशारी होतीच, पण खरं कारण साधं आहे. बक्षिसाची रक्कम ऐकूनही गावानं तोंड उघडलं नाही.

१९४६ साली नाना कराडला लोकांसमोर प्रकट झाले. स्वातंत्र्यानंतर कम्युनिस्ट पक्षातर्फे १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून ते लोकसभेवर गेले. १९७६ साली मिरजेत त्यांचं निधन झालं.

जी. डी. बापू लाड: कुंडलचा फील्ड मार्शल

खास कुंडलचं म्हणावं असं पहिलं नाव गणपती दादा लाड, म्हणजे जी. डी. बापू. जन्म १९२२ चा. बेचाळीसची चळवळ पेटली तेव्हा वय अवघं विशीचं. नाना पाटील हा प्रतिसरकारचा आवाज असेल तर बापू हा त्याचा हात होता.

कुंडलला ‘तुफान सेना’ उभी राहिली ती बापूंच्या पुढाकारानं. गावोगावचे तरुण निवडायचे, कवायत शिकवायची, लाठी चालवायला, शिस्तीत राहायला शिकवायचं. बापू तिचे फील्ड मार्शल. हे नाव ऐकून हसू येईल, पण सेनेचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. युद्धामुळं धान्याची टंचाई, पोलीस भूमिगतांच्या मागं लागलेले, अशा वेळी दरोडेखोरांचं फावलं होतं. कुणी भूमिगतांचं नाव सांगून लुबाडायचं, कुणी पोलिसांना खबऱ्या म्हणून मिळालेलं. रात्री गावाचं रक्षण करायचं कुणी? ते तुफान सेनेनं केलं. लोकांनी प्रतिसरकार मानलं त्याची सुरुवात इथून झाली. दरोडा थांबला, तेव्हा लोक म्हणाले, हे सरकार खरं.

भूमिगत असतानाच बापूंचं विजयाताईंशी गांधी पद्धतीनं लग्न झालं. प्रतिसरकार गावोगाव हेच सांगत होतं: लग्नाला खर्च नको, हुंडा नको, हार घाला आणि संसाराला लागा. सांगणाऱ्यानं स्वतः तसंच केलं.

स्वातंत्र्यानंतर बापू शेतकरी कामगार पक्षातून विधिमंडळात गेले, शेतकरी-कामगारांच्या लढ्यांत राहिले. आज कुंडलचा सहकारी साखर कारखाना त्यांच्याच नावानं ओळखला जातो, क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना. २०११ साली त्यांचं निधन झालं.

कॅप्टन भाऊ आणि शेणोलीची गाडी

दुसरं कुंडलकर नाव रामचंद्र श्रीपती लाड. तुफान सेनेतल्या हुद्द्यामुळं अख्खी पंचक्रोशी त्यांना कॅप्टन भाऊ म्हणायची. त्यांचाही जन्म १९२२ चा. शंभरी अवघ्या काही महिन्यांवर आलेली असताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले.

त्यांच्या नावाशी जोडलेली मोठी घटना ७ जून १९४३ ची. पुणे-मिरज गाडीतून सरकारी पगाराची रक्कम जाणार अशी खबर लागली होती. शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून गाडी थांबवली. मागं घेता येऊ नये म्हणून पाठीमागच्या बाजूलाही दगड टाकले. हातात काय होतं? मुख्यतः काठ्या आणि विळे-कोयते. तेवढ्यावर इंग्रज सरकारची तिजोरी उघडली. प्रवाशांच्या पैशाला हात लावला नाही.

म्हातारपणी पत्रकार पी. साईनाथ त्यांना भेटायला गेले. त्यांच्यामुळं कॅप्टन भाऊंची कहाणी देशभर पोचली. ‘लुटलं’ हा शब्द मात्र भाऊंना शेवटपर्यंत पसंत नव्हता. इंग्रजांनी आमच्या लोकांकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, हा त्यांचा मुद्दा होता. शब्द बदलला की गुन्हेगार कोण हे बदलतं, ही गोष्ट त्या म्हाताऱ्याला नेमकी कळली होती.

पुढची मोठी मोहीम १४ एप्रिल १९४४ ची, आणि तीही घरापासून शेकडो मैल दूर, खानदेशात. धुळ्याहून निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ अडवला. सुमारे साडेपाच लाख रुपये हाती लागले. त्या काळचे साडेपाच लाख! जी. डी. बापू, नागनाथअण्णा नायकवडी आणि साथीदार इकडून गेलेले, आणि तिकडं साथ होती उत्तमराव आणि लीलाताई पाटील या दांपत्याची. गावोगावची तुफान दलं, लपून फिरणारे शेकडो कार्यकर्ते, त्यांचं जेवणखाण हे सगळं चालवायला पैसा लागायचा. गरिबावर कर बसवायचा नाही, मग तो इंग्रजाच्या तिजोरीतूनच आणायचा, हा हिशेब.

कुंडलच्या या गटात नाथाजी लाडांसारखे आणखीही कार्यकर्ते होते. पोवाड्यातून गावं जागी करणारे शाहीर शंकरराव निकम होते. शेजारच्या वाळव्याचे नागनाथअण्णा तर १९४४ मध्ये सातारच्या तुरुंगातून पळाले. त्यांचे साथीदार किसन अहीर आणि नानकसिंग १९४६ मध्ये मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडले. वाळव्याचा साखर कारखाना हुतात्मा किसन अहीर यांच्या नावानं आहे तो यामुळं.

बायकांशिवाय हे सरकार एक रात्रही चाललं नसतं

भूमिगत माणूस म्हणजे रात्री-अपरात्री दारात येणारा, भुकेला, आणि मागं पोलीस असलेला माणूस. त्याला भाकरी कोण देणार? पोलीस आले तर चुलीपाशी बसून खोटं कोण बोलणार? हे काम बायकांनी केलं, आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही.

काहींची नावं मात्र राहिली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील. निरोप पोचवणं, पोलीस ठाण्यांतली शस्त्रं पळवायच्या बेतात सामील होणं, सरकारी बंगले जाळणाऱ्या तुकडीत जाणं हे सगळं त्यांनी केलं. गोव्याच्या मोहिमेवर असताना रात्री लाकडी पेटीच्या आधारानं मांडवी नदी ओलांडल्याचं त्या सांगायच्या. २०२१ मध्ये वयाच्या पंचाण्णवाच्या घरात त्या गेल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, सांगलीच्या राजमती बिरनाळे, खानदेशच्या लीलाताई पाटील ही आणखी काही नावं.

आणि निरोप्ये? रामापूरचे गणपती बाळा यादव सायकलवरून चिठ्ठ्या आणि जेवण पोचवायचे. शंभरी गाठलेल्या या माणसालाही जगानं ओळखलं ते अगदी शेवटी. सायकलच्या फेऱ्यांना इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळायला सत्तर वर्षं लागली.

हे सरकार रोज करायचं काय?

भाषणं, लुटी हा भाग गोष्टीत रंगतो. पण सरकार म्हणजे रोजचं काम. ते असं:

- न्यायदान मंडळ. जमिनीचा वाद, बांधावरची भांडणं, सावकारानं गिळलेली शेतं, नांदवत नसलेली बायको. गावातच पंच बसायचे, दोन्ही बाजू ऐकायचे, निकाल तिथंच. वकील नाही, स्टॅम्प नाही, तारीख नाही.
- सावकारी आणि दारू. जाचक व्याज लावणाऱ्याला समज दिली जायची, दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या जायच्या.
- स्वस्त धान्य. युद्धाच्या टंचाईत साठेबाजीवर नजर ठेवून धान्य लोकांपर्यंत पोचवायचं.
- गांधी लग्नं. थोडक्या खर्चात, कर्जाशिवाय.
- अस्पृश्यतेला विरोध, वाचनालयं, रात्रीच्या शाळा. जिथं कार्यकर्ता दमदार, तिथं हे काम जास्त.

किती गावांत हे चालत होतं? दीडशेपासून सहाशेपर्यंतचे आकडे वाचायला मिळतात. काही गावांत पूर्ण कारभार होता, काही गावांत फक्त वचक होता, म्हणून मोजणी बदलते.

आता ‘पत्री’ या शब्दाचं. गुन्हेगाराच्या तळपायावर काठीनं मारायचं आणि बैलाला पत्री ठोकतात तशी याला ठोकली म्हणायचं, त्यावरून हे नाव पडलं असं लोक सांगतात. ‘प्रति’चं बोलीत ‘पत्री’ झालं असंही म्हणतात. काही असो, शिक्षा कडक होत्या. खबऱ्यांना, दरोडेखोरांना, बाईवर हात टाकणाऱ्यांना मार बसायचा. गांधीजींच्या अहिंसेत हे बसत नव्हतं, आणि त्या काळीही काँग्रेसमध्ये यावर वाद झाला. ही बाजू झाकून ठेवायचं कारण नाही. ज्या निवाड्यावर अपील नाही, तो पंच चांगला असेल तर वरदान आणि वाईट असेल तर जुलूम. प्रतिसरकार टिकलं ते बहुतेक ठिकाणी पंचांवर गावाचाच डोळा होता म्हणून.

देशात आणखी कुठं?

बेचाळीसमध्ये अशी सरकारं दुसरीकडंही उभी राहिली. उत्तर प्रदेशात बलियाला चित्तू पांडे यांनी सत्ता घेतली, पण काही दिवसांत फौज आली. बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यात तामलुकला सतीशचंद्र सामंत यांच्या नेतृत्वाखाली ताम्रलिप्त जातीय सरकार डिसेंबर १९४२ पासून १९४४ पर्यंत चाललं. साताऱ्याचं सगळ्यांत जास्त टिकलं, १९४६ पर्यंत. डोंगराळ मुलूख, मधेमधे संस्थानी हद्दी, सत्यशोधक चळवळीनं आधीच जागा झालेला शेतकरी, आणि एका पुढाऱ्यावर न विसंबणारे गावोगावचे गट. एक गट पकडला गेला तरी बाकीचे चालू राहायचे. अभ्यासकांनी टिकण्याची कारणं ही दिली आहेत.

आजच्या रावेतला याचं काय?

कुणी म्हणेल, ऐंशी वर्षं झाली, आता काय? तर एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना १९७२ ची, ती १९८० मध्ये वाढवली. नियम साधारण असा: सहा महिने तुरुंगवास झालेला हवा, किंवा भूमिगत होता तर फरार घोषित केल्याचा, बक्षीस लावल्याचा, स्थानबद्धतेचा कागद हवा. आता विचार करा. जो पकडला गेला त्याचा कागद झाला. जो हुशारीनं कधी पकडलाच गेला नाही, आणि ज्या बाईनं दोन वर्षं रात्री भाकऱ्या थापल्या, त्यांचा कागद कुठून येणार? ज्यांनी काम सगळ्यांत चोख केलं तेच कागदावर नाहीत. पैशाचा प्रश्न आता संपला, कारण ती पिढीच संपली. पण आठवणीचा प्रश्न उरलाच आहे.

तुमच्या-आमच्या बिल्डिंगीत पलूस, वाळवा, खानापूर, कडेगाव, तासगाव, कराडकडची घरं आहेत. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या काळात तरुण होते, त्यांच्या घरात काहीतरी सांगितलं गेलेलं असतं. आजी कुणाला माळ्यावर लपवायची, कुठल्या विहिरीत बंदूक टाकली होती, कुणाचं लग्न हारावर झालं. गावाकडं गेलात की ऐंशी-नव्वदीतल्या माणसापाशी तासभर बसा, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा, आणि गाव, वाडी, नावं नीट लिहून घ्या. मोठ्या पुढाऱ्यांवर पुस्तकं झालीत. उरलेल्यांचं पुस्तक तुमच्या घरातच आहे.

पुढच्या खेपेला गाडीनं जाताना किर्लोस्करवाडीला उतरून पाहायलाही हरकत नाही. तिथून कुंडल जवळ आहे. कारखाना आहे, डोंगरावरची देवळं आहेत, वन विभागाची मोठी प्रशिक्षण अकादमी आहे. पोरांना बरोबर न्या. ज्या पारावर पूर्वी निवाडे व्हायचे तिथं त्यांना उभं करा.

आणि शेवटची गोष्ट. सत्ता हातात आलेली माणसं ती सहसा सोडत नाहीत. कुंडलच्या मंडळींकडं कवायत केलेली सेना होती, लोकांचा पाठिंबा होता, न्यायदानाचा अधिकार होता. स्वातंत्र्य दारात आलं तेव्हा त्यांनी आपलं सरकार बंद केलं आणि वेगवेगळ्या पक्षांत जाऊन निवडणुकीला उभे राहिले. कुणी काँग्रेसमध्ये, कुणी शेकापमध्ये, कुणी कम्युनिस्ट. एकमेकांविरुद्ध लढले, भांडले, पण मतपेटीतून. इंग्रजांचं राज्य झुगारायला जेवढं धाडस लागलं असेल, तेवढंच आपलं राज्य खाली ठेवायलाही लागलं असणार.